शाळेत आलेलं गिऱ्हाईक

पळस्पे फाट्यावर दहा मिनिटं उभं राहिलं की निम्म्या महाराष्ट्राचा माल डोळ्यांसमोरून सरकतो आहे असं वाटतं. एक रस्ता खोपोलीमार्गे घाट चढून पुण्याला जातो, एक गोव्याकडे वळतो, एक न्हावाशेवाच्या बंदराकडे. मधल्या जागेत कंटेनर यार्ड, गोदामं, पंक्चरवाले, वजनकाटे आणि वडापावच्या गाड्या. पनवेल तालुक्याबाहेरच्या वाचकांना हे नाव ठाऊक असतं ते ‘पळस्पे ते इंदापूर’ या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणामुळे. २०११ साली सुरू झालेल्या त्या कामाच्या रडकथेने वर्तमानपत्रांचे किती रकाने भरले, याची मोजदाद कुणी केलेली नाही.

याच फाट्यापासून गाडीने तासाभराच्या आत, माथेरानच्या पायथ्याला, मालडुंगे आणि धोदाणीच्या परिसरात ठाकूर आणि कातकरी वाड्या आहेत. नकाशावर त्या मुंबईच्या कुशीत दिसतात. तिथल्या आठवीतल्या मुलीला विचारलं तर मुंबई सोडाच, पनवेलसुद्धा लांब आहे. एसटी चुकली की दिवस गेला. दुर्गम हा शब्द आपण गडचिरोलीसाठी आणि मेळघाटासाठी राखून ठेवला आहे, पण दुर्गमपणा किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. ज्या गावातून कामावर जाता येतं पण ज्या गावात काम शिकता येत नाही, ते गाव दुर्गमच.

या पट्ट्यातल्या पोरांना काम मिळत नाही असं मुळीच नाही. यार्डात हमालीला, गोदामात पॅकिंगला, बांधकामावर बिगारी म्हणून हात लागतातच. दिवाळी झाली की रायगड जिल्ह्यातली कितीतरी कातकरी कुटुंबं अंगावर उचल घेऊन वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. भट्टीवर मजुरी हजार विटांमागे ठरते आणि ती जोडप्याच्या नावावर लागते. मुलांनी थापलेल्या, उलटलेल्या, रचलेल्या विटा त्याच हजारात मिसळून जातात. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावण्यावर कायद्याने बंदी आहे, पण हजेरीपटावर जे नावच नाही ते कायद्याला दिसणार कुठून? म्हणजे इथे शिक्षणाशिवायचं काम भरपूर आहे आणि शाळेत कामाशिवायचं शिक्षण. ही दोन टोकं एकमेकांना कुठे भेटतात, हा खरा प्रश्न आहे.

सरकारी उत्तर तयार आहे: उमेदवारी. म्हणजेच अप्रेंटिसशिप. तिचा कायदा १९६१चा. २०१९च्या सुधारणेनंतर ३० किंवा अधिक माणसं काम करतात अशा प्रत्येक आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेणं बंधनकारक आहे. २०१६ पासून त्यांच्या विद्यावेतनातला काही वाटा केंद्र सरकारही उचलतं. तळोजा, पाताळगंगा, रसायनी या औद्योगिक पट्ट्यांसाठी ही तरतूद ठीक. वाडीत मात्र तीस माणसांची आस्थापना म्हणजे फक्त लग्नाचा मांडव!

जर्मनीचं उदाहरण या विषयावरच्या प्रत्येक भाषणात येतं. तिथला उमेदवार आठवड्यातले तीन-चार दिवस कारखान्यात आणि उरलेले व्यवसाय-शाळेत काढतो, दोन ते साडेतीन वर्षांनी परीक्षा देऊन कारागीर होतो. आपल्या २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एक आकडेवारी दिली आहे: १९ ते २४ वयोगटातल्या भारतीय कामकऱ्यांपैकी रीतसर व्यवसायशिक्षण मिळालेले पाच टक्क्यांहून कमी, जर्मनीत ७५ टक्के, दक्षिण कोरियात ९६. आकडे डोळ्यांत भरतात. पण जर्मन पद्धत उभी आहे ती गावोगावच्या लहानमोठ्या उद्योगांवर आणि त्यांच्या शतकानुशतकांच्या उस्ताद-शागीर्द परंपरेवर. जिथे उद्योगच नाही तिथे ती नेऊन ठेवायची तर कोणत्या खुंटीला टांगायची?

या प्रश्नाचं एक अस्सल मराठी उत्तर आहे, आणि ते चाळीस वर्षांहून जुनं आहे.

पुण्यापासून साठेक किलोमीटरवर, शिरूर तालुक्यात पाबळ नावाचं गाव आहे. इतिहासाच्या वाचकांना ते मस्तानीच्या समाधीमुळे माहीत असतं. पाऊस बेताचा, जमीन हलकी, रेल्वे नाही. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग तिथे राहायला आले. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट, म्हैसूरच्या अन्नतंत्रज्ञान संस्थेत नोकरी, मग मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात अभियांत्रिकी विभागाचं प्रमुखपद, अशी त्यांची आधीची वाटचाल. अशा माणसाने पन्नाशी ओलांडल्यावर मुदतीआधी नोकरी सोडून पत्नी मीराताईंसह अवर्षणप्रवण गावात बिऱ्हाड केलं, ते एका शंकेपोटी. गावातला पोरगा मोटरचा पंप उघडून दुरुस्त करतो, ट्रॅक्टरचा आवाज ऐकून बिघाड सांगतो आणि विज्ञानाच्या पेपरात नापास होतो. चूक कुणाची, पोराची की पेपराची?

पुण्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनच्या छत्राखाली त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. पहिले विद्यार्थी होते शाळा सोडलेली मुलं. एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम, चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, गृह आणि आरोग्य, शेती आणि पशुपालन. प्रत्येकाने चारही विभागांतून फिरायचं. वेल्डिंग करणाऱ्याने कोंबड्याही सांभाळायच्या आणि भाजीचं पीक घेणारीने वायरिंगही करायचं. कारण साधं आहे. खेड्यात एका कसबावर बारा महिने पोट भरत नाही, तिथला माणूस चार धंदे जोडून वर्ष काढतो. ग्रामीण मूलभूत तंत्रज्ञानाच्या या पदविकेला पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मान्यता मिळाली.

इथवर वाचून वाटेल, आयटीआयचीच धाकटी बहीण. फरक पुढे आहे. आयटीआयमधला विद्यार्थी ‘जॉब’ करतो, म्हणजे लोखंडाचा तुकडा ठरलेल्या मापाला घासतो, निदेशक तो तपासतो, गुण देतो आणि तुकडा भंगारात जातो. कलबागांच्या पद्धतीत तुकड्याला गिऱ्हाईक असतं. गावातल्या कुणाला खिडकीची जाळी हवी असते, कुणाला पाण्याची टाकी, कुणाला गोठ्यावर पत्रा. विद्यार्थी माप घ्यायला जातो, साहित्याची यादी करतो, खर्च काढतो, मजुरी धरतो, बिल देतो. जाळी खिडकीत बसली नाही तर दहापैकी चार गुण मिळत नाहीत, जाळी परत येते. मास्तरांच्या लाल शाईपेक्षा हे जास्त झोंबतं. आणि कुठे चुकलं हे शोधताना अपूर्णांक, कोन, घनफळ यांच्याशी पोराची नव्याने, आणि जरा बऱ्या ओळखीने गाठ पडते.

पाबळच्या मुलांनी भूजलाचा अंदाज घ्यायचं कामही केलं. विहीर किंवा बोअर कुठे घ्यायची हे ठरवायला जमिनीत लोखंडी सळया ठोकतात, त्यांतून वीज सोडतात आणि वेगवेगळ्या अंतरावर जमिनीचा रोध मोजतात. ओला खडक आणि कोरडा खडक विजेला सारखे अडवत नाहीत, आकड्यांचा आलेख काढला की खाली काय असावं याचा तर्क बांधता येतो. नारळ हातात धरून पाणी सांगणाऱ्या पाणाड्याच्या गावात शाळा सोडलेली मुलं ओहमचा नियम वापरून पैसे घेऊन सल्ला देऊ लागली. शेतकऱ्याच्या हजारो रुपयांच्या बोअरचा प्रश्न असल्यामुळे वाचन काळजीपूर्वक घ्यावंच लागे.

तिथेच त्रिकोणी सांगाड्यांचे घुमट तयार झाले. सळ्या मोजक्याच लांबीच्या, पण एक जरी दोन-चार मिलिमीटरने आखूड पडली तरी शेवटचा बोल्ट बसत नाही आणि सगळ्या पोरांना सगळं खोलावं लागतं. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर हे ‘पाबळ घुमट’ घरांसाठी वापरले गेले. जुन्या जीपचे भाग जोडून छोट्या शेतकऱ्याला परवडेल असा ‘मेकबुल’ नावाचा लहान ट्रॅक्टरही तिथलाच. आणि २००२ साली अमेरिकेच्या एमआयटीतले प्राध्यापक नील गर्शनफेल्ड यांनी जगभर ‘फॅब लॅब’ काढायला घेतल्या, तेव्हा अमेरिकेबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगशाळांपैकी एक पाबळला आली. मस्तानीच्या गावात लेझर कटर. कलबाग २००३ साली गेले, आश्रम चालू आहे.

कलबागांचं खरं डोकं दिसतं ते मात्र साध्या शाळेसाठी त्यांनी केलेल्या मांडणीत. निवासी आश्रम काढून किती मुलांना पुरणार? म्हणून आठवी ते दहावीच्या नेहमीच्या मराठी माध्यमाच्या शाळेत आठवड्यातला एक दिवस कामाचा, असा ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय त्यांनी तयार केला. राज्य मंडळाने तो पूर्व-व्यावसायिक विषय म्हणून मान्य केला. पुढे तो राष्ट्रीय कौशल्य चौकटीत बहुकौशल्य अभ्यासक्रम म्हणून आला. शिकवायला बीएड झालेला शिक्षक नको, गावातलाच वेल्डर, वायरमन, रोपवाटिका चालवणारी बाई. त्यांनी आपला धंदा चालू ठेवायचा आणि एक-दोन दिवस शाळेला द्यायचे. यात कलबागांनी दोन गोष्टी साधल्या. निदेशकाच्या पूर्ण पगाराचा बोजा शाळेवर पडला नाही, आणि मुलांसमोर असा माणूस उभा राहिला ज्याचं घर खरोखर या कामावर चालतं.

गृह-आरोग्य विभागातला एक पाठ सांगण्यासारखा आहे. मुलं हिमोग्लोबिन आणि रक्तगट तपासायला शिकतात, आधी एकमेकांचं, मग गावातल्या बायांचं. रक्तक्षयावरचा धडा पाठ करून पाच गुण मिळवणं वेगळं, आणि आपल्याच आईचा आकडा कमी आलेला वहीत लिहिणं वेगळं. त्यानंतर नाचणी, पालेभाजी, गुळाच्या चिक्कीचे पाठ येतात तेव्हा ते कुणाला शिकवावे लागत नाहीत.

हा विचार आकाशातून पडला नव्हता. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणात मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब यांच्याबरोबर शेतीचं प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे मागितले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’च्या पायावर १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभं केलं. आणि २२-२३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात भरलेल्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली: सात वर्षांचं मोफत शिक्षण, मातृभाषेतून, एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफलेलं, आणि मुलांच्या उत्पादनातून हळूहळू शिक्षकाचा पगार निघावा.

शेवटचा मुद्दा सर्वांना रुचला नाही. अर्थतज्ज्ञ प्रा. के. टी. शाह यांनी तिथेच आक्षेप घेतला. शाळेला स्वतःचा खर्च काढायला लावलं तर शाळेचा कारखाना होईल, मुलं राबतील, आणि त्यांचा स्वस्त माल गावातल्या खऱ्या कारागिराच्या पोटावर पाय देईल, अशी त्यांची भीती. आज वाचताना हा आक्षेप पूर्ण रास्त वाटतो. नई तालीम मागे पडली त्याला आणखीही कारणं झाली. टकळी हे तिचं प्रतीक झालं, आणि सुताला ठरावीक तासिकेपलीकडे गिऱ्हाईक राहिलं नाही.

मग कोठारी आयोग आला. १९६६च्या अहवालाने शाळेत ‘कार्यानुभव’ आणायला सांगितलं. पुढे त्याचं काय झालं हे चाळिशीपुढच्या कुठल्याही वाचकाला विचारावं. क्रेप कागदाची गुलाबं, खडूचे साचे, मेणबत्त्या, आणि मार्चमध्ये गणिताच्या सरांनी पळवलेली तासिका! बारावीच्या पातळीवर १९८८-८९ पासून किमान कौशल्याचे अभ्यासक्रम निघाले. त्यांतून बऱ्याच जणांना नोकऱ्या लागल्याही, पण समाजाने त्यांना ‘आर्ट्सलाही प्रवेश मिळाला नाही तर’ या रांगेत उभं केलं. नव्या धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक सुतार-माळी-कुंभाराकडे जाऊन शिकायचे असं म्हटलं आहे. दहा दिवसांत सुताराची चहाची वेळ कळते. रंधा धरायला त्याहून जरा जास्त लागतं.

शाहांच्या आक्षेपाचं काय करायचं, हा पेच फक्त आपल्यापुढे नव्हता. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारची राजनैतिक नोकरी सोडलेले पॅट्रिक व्हॅन रेन्सबर्ग यांनी बोट्स्वानातल्या सेरोवे गावात १९६३ साली शाळा काढली, आणि माध्यमिक शाळेत जागा न मिळालेल्या मुलांसाठी १९६५ मध्ये गवंडीकामाची पहिली ‘ब्रिगेड’. मुलं खऱ्या इमारती बांधत, त्याच्या पैशातून प्रशिक्षणाचा खर्च निघे. कल्पना देशभर पसरली. पण तिच्या पोटातच एक ओढाताण होती. काम वेळेत पुरं करायचं तर ज्याला जे येतं तेच त्याला करू द्यावं लागतं, आणि शिकवायचं तर ज्याला जे येत नाही ते करायला द्यावं लागतं. पहिल्यात पैसा आहे, दुसऱ्यात शिक्षण. कलबागांनी आठवड्यातला एकच दिवस कामाला दिला आणि निदेशकाचं पोट त्याच्या स्वतःच्या धंद्यावर ठेवलं, त्यामुळे मुलांच्या मजुरीवर शाळा चालवायची वेळ आली नाही. शाहांच्या शंकेला मिळालेलं हे बऱ्यापैकी समाधानकारक उत्तर म्हणावं लागेल.

पुन्हा पळस्प्याला येऊ. फाट्यावरून गोव्याच्या रस्त्याला लागलं की आधी शिरढोण लागतं, वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. या आद्य क्रांतिकारकाची सशस्त्र बंडखोरी सर्वांना माहीत असते. पुण्यात महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीच्या पायाभरणीतही त्यांचा हात होता, हे फार कमी जणांना. पुढे कर्नाळा अभयारण्य ओलांडलं की तारा गावात युसूफ मेहेरअली सेंटर आहे. १९४२ साली मुंबईचे महापौर असलेल्या आणि ‘भारत छोडो’ ही घोषणा देणाऱ्या मेहेरअलींच्या नावाने डॉ. जी. जी. पारीख आणि सहकाऱ्यांनी १९६१ साली ही संस्था काढली. तेलघाणी, साबण, कुंभारकाम असे ग्रामोद्योग तिथे चालतात, शाळाही चालवल्या जातात. कारखाना आणि शाळा एका आवारात नांदू शकतात, हे पाहायला पाबळपर्यंतही जायला नको.

एक गंमत अशी की गावाला वर्ग मानून शिकायची रीत कोकणात आधीपासूनच रूढ आहे, फक्त पदवीच्या मुलांसाठी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शेवटच्या वर्षाची मुलं ‘ग्रामीण कृषी कार्यानुभव’ कार्यक्रमात गावात येऊन राहतात, शेतकऱ्याबरोबर चिखलणी-लावणी करतात, बीजप्रक्रियेची प्रात्यक्षिकं दाखवतात. त्याच विद्यापीठाच्या पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या भाताच्या ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’ अशा जाती दिल्या. शहरातून आलेल्या कृषिकन्येला बांधावर उभं राहून गुण मिळतात. त्याच बांधावर जन्मलेल्या नववीतल्या मुलीला लावणीसाठी शाळा बुडवल्याबद्दल गैरहजेरी लागते.

वाडीत कामाचा तुटवडा कधीच नसतो. हापसा बिघडलेला असतो. सौर दिव्याची बॅटरी गेलेली असते. चुलीच्या धुराने भिंत आणि छाती दोन्ही काळी झालेली असते. पावसाळ्यात धो धो कोसळलेलं पाणी एप्रिलमध्ये हंडाभर मिळत नाही, म्हणून कुठेतरी बंधारा हवा असतो. यातलं प्रत्येक काम म्हणजे विज्ञानाचा एकेक धडा आहे, आणि गिऱ्हाईक दारातच उभं आहे. मोबदला ग्रामपंचायत देऊ शकते, पेणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाखालच्या आश्रमशाळा देऊ शकतात. अडतं ते क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींवर. शाळेला बिल फाडता येतं का? वेल्डिंग मशीनला लागेल एवढ्या दाबाची वीज येते का? ड्रिल मशीनचं पातं मोडलं तर पाचशे रुपये कोणत्या शीर्षाखाली टाकायचे? कितीतरी शाळांतली हत्यारं, मोडली तर भरपाई कोण देणार या धास्तीने, कपाटात कुलूपबंद राहतात आणि तपासणीच्या दिवशी पुसून मांडली जातात.

अडचण हत्यारांपुरती असती तर सुटली असती. कातकऱ्यांचं नावच मुळी खैराच्या झाडापासून काथ काढण्याच्या कसबावरून पडलं. जंगलाचे कायदे आवळत गेले तसं ते कसब गेलं आणि नाव तेवढं मागे राहिलं. त्यामुळे ‘तुमच्या पोरांना हाताचं काम शिकवतो’ म्हणून कुणी आलं की वाडीतला बाप बिचकतो. हाताचं काम पिढ्यान्पिढ्या करून काय पदरात पडलं हे त्याने पाहिलं आहे. पोराने खुर्चीत बसावं अशी त्याची इच्छा असेल तर तिला नावं ठेवायचा अधिकार शहरातल्या शिक्षणतज्ज्ञाला नाही. पाबळच्या पद्धतीने ही शंका काही अंशी दूर केली, कारण तिथे हाताबरोबर हिशेब शिकवला जातो. बिल लिहिता आलेला पोरगा मुकादमाने सांगितलेला आकडा निमूट ऐकत नाही.

उरतं वेळापत्रक. वाडीत शिकण्यासारखी सगळ्यात जास्त कामं निघतात ती मेच्या अखेरीपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. भट्ट्या थंडावतात, माणसं परततात, घरं शाकारायची असतात, पन्हळी बसवायच्या असतात, राब भाजून झालेल्या जागी पेरणीची तयारी करायची असते. सगळी मुलं वाडीवर हजर असतात, वर्षातून बहुधा एकदाच. शाळा उघडते १५ जूनच्या सुमारास.